वृद्ध वृक्षाची जमेची बाजू

नगरपरिषदेच्या हद्दीतील एखादे झाड तोडावयाचे असेल, तर त्या झाडाचे वय किती, हा प्रश्न आता महाराष्ट्रात कायद्याने विचारला जातो. नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणासाठी १९७५ मध्ये झालेल्या राज्याच्या अधिनियमात २०२१ साली दुरुस्ती झाली. पन्नास वर्षे व त्याहून अधिक वयाच्या झाडाला या दुरुस्तीने ‘प्राचीन वृक्ष’ अर्थात ‘हेरिटेज ट्री’ असा दर्जा दिला. झाड तोडण्याची परवानगी मिळालीच, तर तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी रोपे लावावीत आणि ती सात वर्षे सांभाळावीत, असे बंधनही घातले. ऐंशी वर्षांचा कडुनिंब तोडला, तर ऐंशी रोपे. हिशेब मोठा सुटसुटीत आहे.

एरंडोलसारख्या गावात हा प्रश्न केवळ कागदावरचा राहत नाही. महामार्ग रुंद होताना त्याच्या कडेच्या जुन्या झाडांचे काय होते, हे धुळे–जळगाव रस्त्याने ये-जा करणाऱ्या प्रत्येकाने पाहिले आहे. गावातही वाडे उतरतात, त्यांच्या जागी गाळे उभे राहतात, जुन्या आवारांचे प्लॉट पडतात. दुकानासमोरची चिंच, जिनिंगच्या आवारातला कडुनिंब, वाड्यामागचा पिंपळ यांच्याविषयीचा निर्णय पुष्कळदा व्यापारी कुटुंबांच्याच हाती असतो. म्हणून या सुटसुटीत हिशेबाच्या मुळाशी असलेले दोन प्रश्न आपण समजून घेणे अगत्याचे आहे. झाडाचे वय नेमके कसे कळते? आणि ऐंशी रोपे लावली म्हणजे ऐंशी वर्षांच्या एका झाडाचे खाते खरोखर चुकते होते काय?

या दोन्ही प्रश्नांवर गेल्या शंभर वर्षांत शास्त्रज्ञांनी पुष्कळ परिश्रम घेतले आहेत. त्यांतले सर्वांत चिकाटीचे काम अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या रेडवूड वृक्षांवर झाले. आपल्या हवामानात त्याच जातीचे काम पुण्याच्या संस्थेत, आपल्या परिचयाच्या सागवानावर झाले. प्रथम दूरच्या वृक्षांकडे पाहू, म्हणजे जवळच्यांचे महत्त्व अधिक स्पष्ट होईल.

हजारो वर्षांची रोजकीर्द

रेडवूड या नावाने ओळखले जाणारे दोन आप्त वृक्ष कॅलिफोर्नियात वाढतात. समुद्रकिनाऱ्यालगतचा रेडवूड हा जगातील सर्वांत उंच वृक्ष आहे. २००६ मध्ये सापडलेल्या ‘हायपेरियन’ नावाच्या वृक्षाची उंची ११५ मीटरहून अधिक भरली. सिएरा नेवाडा पर्वतातील त्याचा भाऊबंद, जायंट सिक्वोया, घनफळाने सर्वांत मोठा. किनाऱ्यावरच्या वृक्षाचे आयुष्य दोन हजार वर्षांच्या पुढे जाते. पर्वतातील एका सिक्वोयाच्या बुंध्यावर तीन हजार दोनशेहून अधिक वलये मोजली गेली आहेत. भगवान महावीरांचे निर्वाण झाले, तेव्हा तो वृक्ष शेकडो वर्षांचा झालेला होता.

ही वलये म्हणजे काय, ते सांगणे अवघड नाही. झाडाच्या सालीखाली जिवंत पेशींचा एक पातळ थर असतो. वाढीचा हंगाम आला की हा थर आतल्या बाजूस नवे लाकूड घालू लागतो. हंगामाच्या आरंभी पेशी मोठ्या व फिकट असतात. हंगाम सरताना त्या बारीक, दाट आणि गडद होतात. पुढे झाड विसावते. पुढच्या वर्षी पुन्हा तोच क्रम. फिकट आणि गडद अशा एका जोडीचे एक वलय होते, आणि एका वलयाचे एक वर्ष. वर्ष चांगले गेले तर वलय रुंद, ओढीचे गेले तर अरुंद. व्यापारी ज्याप्रमाणे रोजकीर्द लिहितो, त्याप्रमाणे झाड वर्षाला एक ओळ लिहिते. आणि लिहिलेली ओळ त्याला पुसता येत नाही.

परंतु केवळ ओळी मोजल्याने हिशेब बरोबर येतोच असे नाही. फार कठीण वर्षी झाड एखाद्या बाजूस वलय घालतच नाही. ती ओळ गळते. कधी एकाच वर्षात दोन ओळी पडल्यासारख्या दिसतात. यावरचा उपाय ए. ई. डग्लस या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या प्रारंभी घालून दिला. सूर्यावरील डागांचा आणि पृथ्वीवरील पावसाचा काही संबंध आहे काय, याचा शोध घेताना तो झाडांच्या वलयांकडे वळला होता. त्याने एका झाडाच्या नोंदीवर विसंबणे सोडले आणि अनेक झाडांच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या. एकाच प्रदेशातील झाडांनी दुष्काळ एकाच वर्षी सोसलेला असतो. त्यामुळे रुंद-अरुंद वलयांचा क्रम सर्वांमध्ये सारखा उमटतो. ज्याचा क्रम जुळत नाही, त्याची ओळ कोठे गळली वा कोठे जादा पडली, ते लगेच उघडे पडते. आपल्या वडीलधाऱ्यांनी दोन पेढ्यांच्या वह्या मिळवून चूक शोधावी, तशीच ही रीत. १९३७ मध्ये डग्लसने ॲरिझोनातील टुसान येथे वृक्षवलयांच्या अभ्यासाची स्वतंत्र प्रयोगशाळा उभी केली. आज हे शास्त्र जगभर त्याच पायावर चालते.

किनाऱ्यावरच्या रेडवूडने या रीतीचीही परीक्षा पाहिली. म्हातारे झाड ओढीच्या वर्षी बुंध्याशी वलय घालतच नाही, पण वर शेंड्याकडे घालते. म्हणजे तळाशी उभे राहून मोजणाऱ्याच्या हाती अपुरा हिशेब येतो. २००९ मध्ये ‘सेव्ह द रेडवूड्स लीग’ या १९१८ साली स्थापन झालेल्या संस्थेने हंबोल्ट आणि बर्कले येथील विद्यापीठांच्या शास्त्रज्ञांसह एक दीर्घ संशोधन हाती घेतले. स्टीफन सिलेट आणि त्यांचे सहकारी दोरांच्या साहाय्याने शंभर मीटर उंचीच्या झाडांवर चढले. त्यांनी फांद्या व पर्णसंभार मोजला आणि खोडातून निरनिराळ्या उंचींवर पेन्सिलीपेक्षाही बारीक असे लाकडाचे नमुने काढले. वरच्या आणि खालच्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा कोठे एका झाडाचा पूर्ण हिशेब हाती आला.

पातळ वलय, मोठी भर

या कामातून निघालेला निष्कर्ष अनेकांच्या समजुतीच्या उलट होता. म्हातारे झाड म्हणजे थकलेले झाड. त्याची वाढ आता संपली. ते काढून तेथे तरुण झाडे लावली तर हवा अधिक शुद्ध होईल, असे वनव्यवहारात दीर्घकाळ मानले जात होते. सिलेट यांच्या गटाने २०१० मध्ये दाखवून दिले, की उंच वृक्ष म्हातारपणातही वर्षाला घालत असलेल्या लाकडाचे प्रमाण वाढवीत जातात. २०१४ च्या जानेवारीत ‘नेचर’ या नियतकालिकात आणखी व्यापक अभ्यास प्रसिद्ध झाला. जगभरातील ४०३ जातींच्या ६,७३,०४६ झाडांची मोजमापे त्यात तपासली होती. बहुतेक सर्व जातींमध्ये झाड जितके मोठे, तितकी त्याची वर्षाची भर अधिक, असेच आढळले. एखादा प्रचंड वृक्ष एका वर्षात जेवढे वजन वाढवितो, तेवढे कित्येकदा एका मध्यम झाडाचे एकूण वजन असते.

मग म्हाताऱ्या झाडाची वलये पातळ का दिसतात? उत्तर साध्या गणितात आहे. समजा, एका तरुण झाडाच्या खोडाचा व्यास २० सेंटिमीटर आहे आणि त्याने यंदा ५ मिलिमीटर रुंदीचे वलय घातले. त्या वलयाचे आडव्या छेदातील क्षेत्रफळ सुमारे ३२ चौरस सेंटिमीटर भरते. शेजारच्या वृद्ध झाडाचा व्यास १२० सेंटिमीटर आहे आणि त्याचे वलय अवघे २ मिलिमीटर रुंद आहे. त्याचे क्षेत्रफळ मात्र सुमारे ७५ चौरस सेंटिमीटर होते. वलय निम्म्याहून पातळ, पण लाकूड दुपटीहून अधिक. शिवाय वृद्ध झाड उंचीने मोठे, त्यामुळे ही भर अधिक लांबीवर पसरलेली असते. हा पातळ दिसणारा थर फार मोठ्या घेरावर चढलेला असतो. मोठ्या भांडवलावर कमी दराने मिळालेले व्याजही रकमेने मोठे असते, हे व्यापाऱ्याला सांगावयास नको.

एक गोष्ट येथे न्यायाने नोंदविली पाहिजे. हा निष्कर्ष एकेका झाडापुरता आहे. एका बिघ्यात दाटीने वाढणारी तरुण झाडे मिळून वर्षाला बरीच भर घालू शकतात, कारण तेथे झाडांची संख्या मोठी असते. म्हातारी झाडे एका जागेत थोडीच मावतात. म्हणून नवे रान लावणे व्यर्थ आहे, असे या संशोधनातून निघत नाही. निघते ते एवढेच, की उभे असलेले वृद्ध झाड हे बुडीत खाते नव्हे. त्यात दरसाल जमा होत असते, आणि ती रक्कम वाढत असते.

हे ज्ञान हाती येण्यापूर्वी किनाऱ्यावरील जुन्या रेडवूड अरण्यापैकी सुमारे पंच्याण्णव टक्के अरण्य लाकडासाठी तोडले गेले होते. पर्वतातील सिक्वोयांपैकी हजारो महावृक्ष २०२० आणि २०२१ च्या वणव्यांत जळाले. त्यांच्या जागी रोपे लावता येतात. त्या रोपांना त्या वयाचे करणे मात्र कोणाच्याही हाती नाही.

पुण्यातील सागाचे वाचन

झाड आपल्या वलयांत काय लिहिते? ज्या गोष्टीची त्याला चणचण असते, ती गोष्ट ते लिहिते. रेडवूडच्या किनाऱ्यावर उन्हाळा कोरडा जातो आणि तेथील झाडे वर्षाच्या पाण्याचा सुमारे तिसरा हिस्सा समुद्रावरून येणाऱ्या धुक्यातून मिळवितात. त्यांच्या वलयांत थंडी, कोरडेपणा आणि ओलावा यांच्या खुणा उमटतात. आपल्या खानदेशात चणचण एकाच गोष्टीची, ती म्हणजे पावसाची. जळगाव जिल्ह्यात वर्षाला सरासरी सुमारे सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. तेव्हा आपल्याकडील झाडाने वही लिहिली, तर ती मान्सूनची वही असणार.

परंतु उष्ण प्रदेशातील झाडांना वर्षाची वलये नसतातच, असे पूर्वी मानले जात असे. बारमाही हिरव्या झाडाला विसावा नाही, आणि विसावा नाही तर ओळ संपणार कोठे? साग याला अपवाद ठरला. उन्हाळ्यात तो पाने टाकून उभा राहतो. पहिल्या पावसाबरोबर तो जागा होतो आणि मोठ्या छिद्रांच्या पेशींची एक फिकट रांग घालतो. ही रांग नुसत्या डोळ्यांना दिसते. सागवानी फळीचे टोक ज्याने पाहिले आहे, त्याने ती पाहिलेली आहे. जावा बेटावरील सागाची १५१४ ते १९२९ या काळातील वलयमालिका १९३१ मध्येच प्रसिद्ध झाली होती.

आपल्याकडे हे काम पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने हाती घेतले. ही संस्था १९६२ मध्ये स्थापन झाली. तेथील जी. बी. पंत आणि एच. पी. बोरगावकर यांनी ठाणे परिसरातील सागाची वलये आणि तेथील हवामान यांचा मेळ घालून पाहिला. तो अभ्यास १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे मध्य भारतातील सागांवर काम झाले. तेथे असे दिसले, की सागाची वाढ ही पाऊस किती पडला याहूनही जमिनीत ओल किती राहिली, यावर अधिक अवलंबून असते. एका दिवसात कोसळून नाल्याने वाहून गेलेला पाऊस पर्जन्यमापकात जमा होतो, पण झाडाच्या वहीत होत नाही. शेतमालाचा व्यापार करणाऱ्यांना हा फरक नवा नाही. पावसाची सरासरी भरली आणि तरीही कापूस हातचा गेला, अशी वर्षे खानदेशाने पाहिली आहेत. लखनौ येथील बिरबल साहनी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी होशंगाबाद, म्हणजे आपल्या सातपुड्याच्या पलीकडील नर्मदाखोऱ्यातील सागावरून, जून ते सप्टेंबर या महिन्यांच्या पावसाची मागील काळातील मांडणी केली.

पुण्याच्या संस्थेचे सर्वांत लांब पल्ल्याचे काम केरळातील सागावर झाले. बोरगावकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची वलयमालिका प्रसिद्ध केली. पॅसिफिक महासागराचे पाणी तापून ‘अल् निनो’ची स्थिती निर्माण होते, तेव्हा आपला मान्सून पुष्कळदा दगा देतो. अशा वर्षांची खूण सागाच्या अरुंद वलयांत सापडते, असे त्यांनी दाखविले. १८७७, १८९९, १९१८ आणि १९७२ ही सर्व अल् निनोची आणि भारतातील मोठ्या अवर्षणाची वर्षे होत. त्यांतील १८९९ म्हणजे विक्रम संवत १९५६. मारवाडातून खानदेशात आलेल्या आपल्या घरांत ‘छप्पनिया’ हा शब्द आजही दुष्काळाला समानार्थी म्हणून ऐकू येतो.

या वाचनाचा उपयोग काय, असे कोणी विचारील. संपूर्ण भारताच्या मान्सूनची सलग आकडेवारी १८७१ पासूनची आहे. म्हणजे आपला मोजलेला अनुभव दीडशे वर्षांचा. त्या काळातील सर्वांत वाईट वर्ष हेच शक्य असलेले सर्वांत वाईट वर्ष, असे आपण गृहीत धरतो. धरण किती मोठे बांधावे, पीकविम्याचा हप्ता किती असावा, धान्य किती साठवावे, यांचे ठोकताळे त्यावरच बसतात. पाचशे वर्षांची वही उघडली, की लागोपाठच्या ओढीच्या वर्षांची मालिका किती लांब जाऊ शकते, हे पाहता येते. ज्याला जुन्या वह्यांचे मोल ठाऊक आहे, त्याला हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

वाड्याची तुळई

सागाची वही केवळ रानात नाही. सातपुडा आणि डांगच्या रानांतला साग खानदेशात पूर्वापार बांधकामासाठी येत राहिला. आपल्या जुन्या वाड्यांचे खांब, तुळया, कडीपाट आणि दरवाजे त्याच सागाचे आहेत. वाडा उतरविला जातो, तेव्हा हे लाकूड जुन्या सागाच्या भावाने विकले जाते, रंधून त्याचे पलंग आणि कपाटे होतात, आणि टोके जळणात जातात.

अशा टोकांतून काय निघू शकते, हे डग्लसने १९२९ मध्ये दाखविले. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात आदिवासींच्या प्राचीन वसाहतींचे अवशेष आहेत. त्यांतील तुळयांची वलये एकमेकींशी जुळत होती, परंतु आजच्या जिवंत झाडांशी त्यांचा सांधा लागत नव्हता. मधला दुवा हरवलेला होता. त्या वर्षीच्या जून महिन्यात ॲरिझोनातील शो लो या गावी अर्धवट जळालेली एक तुळई सापडली. तिचा आरंभीचा भाग जुन्या मालिकेशी जुळला आणि शेवटचा भाग जिवंत झाडांच्या मालिकेशी. त्या एका तुळईमुळे डझनावारी अवशेषांची बांधकामाची वर्षे निश्चित झाली.

जिवंत सागापासून मागे मागे जाणारी मालिका तुळयांच्या आधारे आणखी मागे नेता येते, ती याच रीतीने. त्यासाठी तुळईचे टोक लागते. आणि शक्य तर सालीकडचा पांढरा भाग शाबूत असलेले. सुतार हा कच्चा भाग काढून टाकतो, कारण त्याला कीड लागते. पण झाड कोणत्या वर्षी तोडले, याची अखेरची ओळ त्याच भागात असते. म्हणून वाडा उतरविण्याचा प्रसंग आलाच, तर जाड तुळईच्या टोकाची चार बोटे जाडीची चकती कापून ठेवावी. वाडा कोठला, तुळई कोणत्या खणातली, आणि बांधकामाविषयी घरात काय सांगितले जाते, हे तिच्या मागे लिहावे. अभ्यासकाला ती चकती सोन्यासारखी आहे; आणि विकणाऱ्याला तिच्यामुळे येणारा तोटा नगण्य आहे.

कडुनिंब, चिंच आणि वड

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. एरंडोलच्या रस्त्यावरचा कडुनिंब किती वर्षांचा, हे वलयांवरून सांगता येईल काय? येथे सागाची सोय नाही. कडुनिंब आणि चिंच यांची वलये सागासारखी स्वच्छ नसतात. वर्षाची सीमा कोठे संपली, हे पुष्कळदा ठरत नाही. वडाची गोष्ट याहून अवघड, कारण पारंब्या जमिनीत रुजून त्यांचीच खोडे होतात, आणि मूळ खोड कधी नाहीसेही होते. घेर मोजून वयाचा अंदाज करण्याची रीत आहे. परंतु विहिरीजवळच्या झाडाचा घेर भराभर वाढतो आणि मुरमाड जागेतल्या झाडाचा रखडतो. दोघांचा घेर सारखा भरला, म्हणून वय सारखे ठरत नाही. आणि कायद्याचा हिशेब तर वयावरच उभा आहे! अंदाज तीस वर्षांनी चुकला, तर तीस रोपे कमी होतात. पन्नासच्या आतबाहेर चुकला, तर झाडाचा ‘प्राचीन’ हा दर्जाच जातो.

अशा झाडांच्या बाबतीत सर्वांत विश्वासार्ह पुरावा लाकडात नसून कागदात असतो, आणि तो कागद पुष्कळदा आपल्याच घरी असतो. धर्मशाळा बांधली त्या वर्षी अंगणात वड लावला. पांजरपोळीच्या आवाराला कुंपण घातले तेव्हा निंब लावले. आजोबांच्या लग्नाच्या छायाचित्रात मागे चिंच दिसते, आणि छायाचित्राच्या पाठीवर तिथी लिहिलेली आहे. खर्चाच्या जुन्या वहीत रोपांना पाणी घालणाऱ्याची मजुरी टाकलेली असते. लाल बासनात बांधलेले हे चोपडे आपण लक्ष्मीपूजनापुरते आठवतो. त्यांतील अशी एखादी ओळ झाडाच्या वयाचा पुरावा ठरू शकते.

झाडाला इजा करून त्याचे वय काढावे काय, हा प्रश्न आपल्या वाचकांच्या मनात उठणे स्वाभाविक आहे. वनस्पतीला एकेंद्रिय जीव मानणाऱ्या परंपरेत आपण वाढलो आहोत. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत वनकर्माचा समावेश आहे. शास्त्रज्ञांच्या जगातही या प्रश्नाला एक कटू आठवण चिकटलेली आहे. १९६४ मध्ये अमेरिकेतील नेवाडा राज्यात एका अभ्यासकाने पाइनचा एक अतिवृद्ध वृक्ष वलये मोजण्यासाठी तोडविला. तो सुमारे ४,९०० वर्षांचा निघाला; त्या काळी ज्ञात असलेल्या वृक्षांत सर्वांत वृद्ध. त्या घटनेवर आजही हळहळ व्यक्त होते. उभ्या झाडातून बारीक नमुना काढण्याची पद्धत झाड वाचविते. तरीही तिने छोटी जखम होतेच. म्हणून अन्य कारणाने तोडलेल्या झाडांच्या बुंध्यांवरून चकत्या घेणे अनेक अभ्यासक पसंत करतात. आपल्या निंब-चिंचांसाठी तर यांपैकी काहीच करण्याची गरज नाही. जुना चोपडा उघडणे पुरेसे आहे.

ऐंशी रोपांचा हिशेब

राहिला दुसरा प्रश्न. समजा, ऐंशी वर्षांच्या कडुनिंबाच्या खोडाचा व्यास ८० सेंटिमीटर आहे. त्याच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे ५,००० चौरस सेंटिमीटर होते. त्याच्या बदल्यात प्रत्येकी ३ सेंटिमीटर जाडीची ऐंशी रोपे लावली. सर्वांचे मिळून क्षेत्रफळ सुमारे ५६५ चौरस सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ नववा हिस्सा. उंची हिशेबात घेतली तर प्रत्यक्ष लाकूड याहून पुष्कळच कमी. रोपे जगली, वाढली, तर ही तूट एके काळी भरून निघेल, पुढे मागेही पडेल. पण तो ‘तर’ खानदेशातल्या मे महिन्यात फार मोठा आहे. ऐंशी रोपांना जागा हवी, कुंपण हवे, सात उन्हाळे पाणी हवे. बहुधा ती जागा गावाबाहेर मिळते. सावली मात्र बाजारपेठेतली गेलेली असते.

म्हणून रोपे लावणे हे झाड तोडल्याचे प्रायश्चित्त आहे, परतफेड नव्हे, असे समजून निर्णय घ्यावा. नकाशा काढण्यापूर्वीच आवारातील झाडे त्यावर दाखवावीत. गाळ्यांची रांग चार फूट सरकविली तर झाड वाचते काय, हे अभियंत्याला आधी विचारावे. बुंध्याभोवती काँक्रीट घालताना पाणी मुरावयास मोकळी माती ठेवावी. तोडणे अटळच झाले, तर वयाचा खरा पुरावा स्वतः होऊन द्यावा, कमी वय दाखवून रोपे वाचवू नयेत. आणि लावलेल्या रोपांचा जमाखर्च सात वर्षे दुकानाच्या हिशेबासारखाच ठेवावा.

याच अधिनियमाने दर पाच वर्षांनी शहरातील वृक्षांची गणना करण्याचे कर्तव्य सांगितले आहे. गणना करणारा माणूस दारी येतो, घेर मोजतो आणि वयाचा अंदाज लिहून पुढे जातो. येत्या दिवाळीत चोपडे बाहेर निघतील, तेव्हा घरातील एखाद्या मुलामुलीला जवळ बसवून आपल्या आवारातील, आपल्या धर्मशाळेतील आणि मंदिरासमोरील झाडांची एक यादी करावी. झाडाची जात, छातीच्या उंचीवरचा घेर, लावल्याचे वर्ष आणि त्या वर्षाचा आधार, असे चार रकाने पुरेत. पुढच्या गणनेच्या वेळी ती यादी गणकाच्या हाती द्यावी, आणि तिची एक प्रत चोपड्यांच्याच बासनात ठेवावी.